नाळ आणि मासळीच्या खणामधली बंद जागा उघडावी का? (३० फुटी फायबर, हर्णै)

पाजपंढरीकर

राम राम मंडळी. डेकखाली जागा पडून आहे आणि डेकवर पाय ठेवायला जागा नाही, अशी आमच्या बोटीची गत आहे. सल्ला हवाय.

बोट फायबरची, ३० फूट लांब, मधोमध ८ फूट रुंद, दोन सिलिंडरचं इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं, डिझेल इंजिन. जुनी घेतलेली आहे. ज्याने बांधली तो मिस्त्री आता या धंद्यात नाही, त्यामुळे आत काय घातलंय हे विचारायची सोय नाही.

पुढून मागे सांगत जातो. नाळेखाली, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाखाली, नांगर आणि दोरांचा खण, तो वापरात आहे. त्याच्या मागे ४ फूट नुसतं डेक. वर वाटीएवढं एक गोल स्क्रूचं झाकण, बाकी सगळं बंद. मग मासळीचा खण: ६ फूट लांब, ५ फूट रुंद, अडीच फूट खोल. आतून एक इंच थर्माकोल आणि त्यावर पातळ फायबर, पण कोपरे फुटलेत आणि तिथे अंगठा दाबला की पाणी येतं. मग इंजिन. इंजिनाच्या मागे सुकाणूपर्यंत साडेपाच-सहा फूट पोकळी, तिच्यातून पंखा फिरवणारा शाफ्ट जातो. तिथे सध्या ग्रीसचा एक डबा आणि झुरळं राहतात.

आम्ही गिलनेटवाले, म्हणजे पाण्यात उभं जाळं सोडून त्यात मासळी अडकवणारे. चौघे असतो. संध्याकाळी जाळं सोडायचं, पहाटे ओढायचं, लागलं तर दुसरी रात्रही बाहेर काढायची. या चार माणसांचं बिऱ्हाड सगळं डेकवर: पोत्यात बांधलेलं जादा जाळं, अंथरुणं, तांदूळ-कांद्याचं पिंप, पाण्याचे कॅन, शेगडी आणि सिलिंडर, डिझेलचा जादा कॅन, बोये. अंधारात जाळं ओढताना एकाचा पाय दोरात आणि दुसऱ्याचा कांद्यात असतो. वारा उठला की आधी सामान आवरायचं की जाळं, इथूनच भांडण.

माझा विचार असा की नाळेमागचं ते ४ फुटी डेक कापून चौकोनी झाकण बसवायचं. तळ निमुळता धरून माप काढलं तर साधारण १८ घनफूट जागा भरते. धाकटा भाऊ म्हणतो, बिऱ्हाड डेकवरच राहू दे, तिथे बर्फ आणि मासळी भरू, हर्णैच्या लिलावात दोन टोपल्या जास्त लागतील. बाबा दोघांच्याही विरोधात. त्यांचं एकच वाक्य: "ज्याने ते बंद ठेवलं, त्याला काय करवत मिळाली नव्हती?"

पावसाळी मासेमारीबंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, बोट आंजर्ल्याच्या खाडीत वर ओढून शाकारणार, म्हणजे तिच्यावर छप्पर घालणार. काम तेव्हाच करायचंय. दाभोळकडचा एक फायबरवाला दोन दिवसांत कापून झाकण बसवून देतो म्हणतोय. कापू का? कापलं तर आत काय ठेवू? आणि मागच्या पोकळीचं काही करता येईल का?

देवबागचो मिस्त्री

झिला, तुझ्या बापाशीक माझो नमस्कार सांग. त्येंका कळला ता तुका अजून कळूक नाय.

आता सगळ्यांना समजेल असं लिहितो. मी आधी लाकडाच्या होड्या बांधल्या, मग फायबर आलं तसा फायबरात शिरलो. दोन्हींत मोठा फरक हा की लाकडाची होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी फळ्या तिला वर धरतात, माणसं धरून बसू शकतात. फायबर तसं नाही. फायबर पाण्यापेक्षा जड. भरली की वर इंजिनाचं वजन घेऊन सरळ खाली. म्हणून बांधणारा कुठेतरी बंद जागा ठेवतो, तीत फोम ओततो किंवा नुसती हवा कोंडतो. तुझी ती ४ फुटी जागा "पडून" नाही, बुडायच्या दिवसासाठी राखून ठेवलेली आहे. निदान मला तसा संशय आहे, आणि ते वाटीएवढं झाकण बघून संशय वाढला. ते सामानासाठी नसतं, आत पाणी शिरलंय का हे बघायला असतं.

आधी हे कर. लाकडी हातोडीने डेकवर ठोकत जा. पोकळ आवाज आला तर हवा, दबका आला तर फोम. मग गोल झाकण उघड, मोबाईल आत घालून व्हिडिओ काढ, आणि बांबूची बारीक काडी खुपसून बघ. फोम असला तर काडी शिरेल आणि कोरडी निघेल. ओली निघाली तर मला सांग, त्याचं वेगळं काम आहे.

कापायचं ठरलंच तर चार गोष्टी त्या दोन दिवसवाल्याला विचार. एक, डेकखालच्या आडव्या तुळया कुठे आहेत ते त्याला माहीत आहे का? तुळई कापली तर लाट बसली की डेक चालत्या माणसाखाली हलायला लागतं. दोन, भोकाचे कोपरे गोल ठेवणार का? चौकोनी कोपऱ्यातून फायबर फाटायला सुरुवात होते, मी दुरुस्तीला आलेल्या बोटींत हेच सगळ्यात जास्त बघतो. तीन, डेकच्या मधे प्लाय आहे का, असेल तर कापलेली कड रेझिनने (फायबर घट्ट करणारा चिकट द्रव) आणि मॅटने (काचतंतूंची चटई) बंद करणार का? उघडी कड पाणी पिते आणि दोन पावसाळ्यांत प्लायचा चोथा होतो. स्क्रूच्या प्रत्येक भोकाचंही तेच. चार, झाकणाभोवती उंच कड किती? मी ६ इंचांखाली करत नाही. माणसं अडखळतात म्हणून शिव्या देतात, देऊ देत.

नाळेखालच्या खणात आणि या जागेत जी आडवी भिंत आहे, तिला भोक पाडू नको. दोर सरकवायला सोपं जाईल म्हणून लोक पाडतात. मग नाळेला एक ओंडका लागला की पाणी थेट मधल्या खणापर्यंत.

कोचीकर

मी मूळचा गुहागरचा, कोचीत बोटींच्या डिझाइनचं काम करतो. मिस्त्रींनी सांगितलं ते आकड्यांत मांडतो, म्हणजे भावाला दाखवता येईल.

१८ घनफूट म्हणजे सुमारे ५१० लिटर. एक लिटर बंद हवा किंवा फोम साधारण एक किलो वजन पाण्यात उचलून धरतं, फोमचं स्वतःचं वजन नगण्य. म्हणजे ती जागा अर्ध्या टनाची उचल आहे. आता दुसरी बाजू. तुमच्या बोटीचं कवच दीड टन धरू. फायबरची घनता पाण्याच्या दीडपट, म्हणून पाण्याखाली त्याचं वजन एक तृतीयांश उरतं: ५०० किलो. इंजिन अडीचशे किलोचं असेल तर लोखंड असल्याने त्यातले २०० हून जास्त पाण्याखालीही कायम. नायलॉनचं जाळं जवळजवळ हलकं होतं, जाळ्याला लावलेलं शिसं होत नाही. म्हणजे बोट वर राहायला सातशे लिटरच्या पुढे बंद जागा हवी. पुढच्या ५१० ने ते पुरत नाही, म्हणजे आणखी कुठेतरी फोम असायला हवा, आणि नसेल तर ही बोट आजच उणी आहे. त्यातून आणखी काढायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

पण गोष्ट इथे संपत नाही. उचल किती आहे याइतकंच ती कुठे आहे हे महत्त्वाचं. तळाशी मधोमध कोंडलेली हवा बोटीला वर तर धरते, पण पाण्याने भरलेल्या बोटीत ती हवा वर यायला बघते आणि बोट उलटते. तीच उचल दोन्ही काठांना, उंचावर असली तर भरलेली बोट सरळ उभी राहते, माणसांना आत बसून राहता येतं. म्हणून माझा सल्ला: तळाची जागा उघडायचीच असेल तर आधी तेवढीच उचल काठांना हलवा. तुमच्या बोटीत दोन्ही बाजूंना काठाच्या आतून १२ फूट लांब, १ फूट रुंद, ९ इंच उंच अशा पेट्या करता येतील. एकीचे ९ घनफूट, दोन्हींचे १८. हिशेब जुळला. वर बसायला बाकही झाले. मात्र त्या कायमच्या बंद, आत बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, फोम. त्यांना दार करून चपला ठेवायच्या नाहीत.

काही कापण्याआधी एक चाचणी फुकटात होते. बोट भरतीला खाडीत शांत पाण्यात घ्या. नाळेला आणि मागे पाण्याच्या रेषेवर खूण करा. मग जे सामान आत ठेवायचंय तितक्या वजनाचं पाणी कॅनमध्ये भरून त्याच जागेच्या वर ठेवा आणि नाळ किती बसली ते बघा. नाळ जड झाली की लाटेवर चढायच्या ऐवजी ती लाटेत घुसते. तुमच्याकडे मागून लाट घेत परत यावं लागतं, तेव्हा हे आणखी वाईट.

दुसरी चाचणी डोलण्याची. डिझेल, बर्फ, जाळी सगळं भरून, दोर सैल सोडून, दोघांनी एका काठावर दाब देऊन बोट डोलवा आणि सोडून द्या. एका बाजूला जाऊन परत त्याच बाजूला यायला किती सेकंद लागतात ते मोजा, पाच झोलांची वेळ घेऊन पाचने भागा. लहान मासेमारी बोटींसाठी जुना ठोकताळा असा: ही वेळ सेकंदांत, बोटीच्या मीटरमधल्या रुंदीपेक्षा कमी हवी. ८ फूट म्हणजे २.४ मीटर, तर २.४ सेकंदांच्या आत यायला हवी. सावकाश, आरामात डोलणारी बोट खलाशांना आवडते, पण तीच उलटायच्या जवळ असते.

पाजपंढरीकर

मिस्त्रीकाका, कोचीकर, दोघांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, फक्त चहा आणखी अर्धा कप मागितला.

हातोडी मारली. पुढच्या जागेत सगळीकडे दबका आवाज. झाकण उघडलं, आत पिवळा फोम. वरच्या बाजूला काडी कोरडी निघाली, पण तळाजवळ तिरकी घातली तर ओली आणि काळी, डिझेलचा वास. मागच्या पोकळीत फोम नाही, नुसती जागा. दोन्ही काठांना आत हात घालून बघितलं, तिथेही काही नाही. म्हणजे कोचीकरांच्या हिशेबाने आमची बोट आजच उणी.

भावाला आकडे पटले पण बर्फाचा हट्ट सुटत नाही. त्याचं म्हणणं, पेट्या काठांना करू आणि मग ती जागा मोकळी झाली की बर्फच भरू. त्यावर कोणी बोलेल का?

धक्क्यावरची ताई

मी बोलते. मी ससून डॉकवर मासळी घेते, माझी आई घ्यायची, तिची आई घ्यायची. खण किती मोठा होता हे मला कोणी आजवर सांगितलेलं नाही. मासळी समोर आली की मी कल्ला उघडते, डोळा बघते, पोटाला बोट लावते. भाव तिथे ठरतो.

तुझ्या भावाला सांग, दोन टोपल्या जास्त आणायच्या नादात चार टोपल्यांचा भाव पाडशील. नाळेजवळची जागा बोटीत सगळ्यात जास्त आपटते. तिथे पापलेट ठेवलंस तर ते येईपर्यंत खवले गेलेले, पोट फुटलेलं. अडीच फूट खोल खणात मासळीवर मासळी ओतली तरी तेच, खालच्या थराचा चेंदा होतो आणि आम्ही तो बाजूला काढून वेगळ्या भावाने घेतो. जाळीचे क्रेट घे, एकात एकच थर किंवा दोन, खाली बर्फ, वर बर्फ, पापलेट आणि सुरमई वेगळी. क्रेटवर क्रेट बसतो, वजन क्रेटवर येतं, मासळीवर नाही.

आणि तुझ्या खणातला थर्माकोल दाबला की पाणी येतं म्हणालास, ते पाणी कसलं आहे माहीत आहे का? मागच्या हंगामाचं रक्त. ते धुऊन जात नाही. ताजी मासळी त्यात घातली की संध्याकाळपर्यंत वास धरते, मग बर्फ किती का घाल. आधी तो खण नीट कर. नवीन खणाची भाषा मग.

कोचीकर

ताईंच्या म्हणण्याला आकडे जोडतो, कारण भावाचा प्रश्न खरं तर तिथेच सुटतो.

बर्फ दोन कामांत जातो. मासळी गार करायला आणि भिंतींतून येणारी उष्णता मारायला. पहिलं काम थोडं आहे: २८ अंशांची एक किलो मासळी शून्यावर आणायला साधारण ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. बाकी सगळा बर्फ भिंती खातात. भिजलेला एक इंची थर्माकोल जवळजवळ नसल्यासारखाच असतो. त्या जागी तुमच्या खणाला सगळीकडून ३ इंच पॉलियुरेथेन फोम, म्हणजे पफ घातला, तर भिंतींतून दिवसाला सुमारे २५ किलो बर्फ वितळेल. आजच्या अवस्थेत याच्या सहा ते आठ पट वितळत असणार. झाकण उघडं राहिलं तर हे आकडे विसरा.

आता यातली वाईट बातमी. ६ बाय ५ बाय अडीच म्हणजे ७५ घनफूट. चारही बाजू, तळ आणि झाकण ३-३ इंचांनी आत आले की आतली जागा साडेपाच बाय साडेचार बाय दोन, म्हणजे पन्नासच्या आत. एक तृतीयांश जागा गेली. पण दिवसाला दीडशे किलो बर्फ वाचला तर त्याची जागाही वाचते, फोडलेल्या बर्फाला दीडशे किलोला साधारण १० घनफूट लागतात. दोन दिवसांच्या फेरीत २० घनफूट परत आले. म्हणजे मासळीची जागा जवळपास आहे तेवढीच, बर्फाचा खर्च मात्र कितीतरी कमी आणि डेकवर चढवायचं वजनही कमी.

पुढच्या जागेत बर्फ भरायचा म्हटलं तर तिलाही हेच ३ इंच लागतील. १८ घनफुटांच्या निमुळत्या जागेत ते घातल्यावर आत जेमतेम एक क्रेट बसेल. भावाला एवढं सांगून बघा.

पाजपंढरीकर

सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे जागा वाढवायला निघालो आणि तिसरा हिस्सा घालवून बसलो." पण क्रेटचं मोजमाप त्याने स्वतः टेप घेऊन केलं आणि गप्प बसला. आता तोच पफवाल्यांना फोन लावतोय.

सेकंड मेट

जहाजावर असतो, सुट्टीत वरसोलीला घरी आहे. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

डेकखाली सामान ठेवायचं म्हटलं की पहिल्यांदा कोण काय खाली ढकलतं? सिलिंडर. कारण तो पायात येतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, बोटीच्या तळाला पाण्यासारखा साचतो आणि मागे इंजिनापर्यंत पसरतो. सकाळी कोणी स्टार्टर मारला की झालं. सिलिंडर डेकवरच, बांधून, तळाला भोक असलेल्या पेटीत, आणि ते भोक बोटीबाहेर उघडणारं. पेट्रोलचंही तसंच.

दुसरं, जे काम करायला आत उतरतील त्यांच्यासाठी. बंद राहिलेल्या खणात, विशेषतः जिथे मासळीचं पाणी किंवा कुजका फोम आहे, तिथे विषारी वायू साचतो किंवा प्राणवायू कमी असतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि मग येईनासा होतो, कारण नाक बधिर झालेलं असतं. एकजण पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो आणि दोघे जातात. झाकण आदल्या दिवशी उघडून ठेवा, पंखा लावून हवा आत ढकला, आत एक असेल तर बाहेर एक हवाच. रेझिन मारतानाही हेच.

पाजपंढरीकर

सिलिंडर मी खरंच त्या मागच्या पोकळीत टाकणार होतो. नाही टाकत.

सगळ्यांचं ऐकून असं ठरतंय. मासळीच्या खणाचा थर्माकोल पूर्ण खरवडून काढून ३ इंच पफ. दोन्ही काठांना कोचीकरांनी सांगितलेल्या पेट्या. त्या झाल्या, चाचणी झाली, मगच पुढची जागा उघडायची, तिथे फक्त हलकं: अंथरुणं, कपडे, आणि बोये. बोयांबद्दल बाबांनीच सुचवलं, ते म्हणाले बोये तिथे बांधून ठेवले तर ते तरंगायलाच मदत करतात. जादा जाळं मागच्या पोकळीत. पाण्याचे कॅन मधोमध, खणाच्या दोन्ही बाजूंना.

मिस्त्रीकाका, तुमच्यासाठी तीन प्रश्न. ओल्या फोमचं काय? मागच्या पोकळीत शाफ्ट आहे, तिथे जाळं कसं ठेवू? आणि पावसात फायबरचं काम होईल ना?

देवबागचो मिस्त्री

पहिला. ओला फोम सुकत नाही. कोणी सांगेल उन्हात उघडा ठेव, सुकेल, तर त्याला तुझ्या बोटीत बसव आणि समुद्रात ने. पाणी प्यालेला फोम म्हणजे वजन, उचल नाही. तळाचा काळा भाग कापून काढ, कोरडा लागेपर्यंत. डिझेलचा वास येतोय म्हणजे इंजिनाकडून तळाने पाणी पुढे सरकतंय, कुठल्यातरी भिंतीचा सांधा सुटलाय. तो शोध आणि मॅट मारून बंद कर. नाहीतर नवीन फोमही तेच पिणार.

दुसरा. शाफ्टच्या दोन्ही बाजूंना ठोकळे बसवून वर पट्ट्यांची फळी टाक. पट्ट्यांमधे बोट जाईल एवढी फट, म्हणजे पाणी खाली जातं आणि हवा खेळते. शाफ्टवर मात्र पूर्ण झाकण, पन्हाळं उलटं ठेवल्यासारखं. जाळ्याचा एक धागा फिरत्या शाफ्टला लागला तर तो बाकीचं सगळं जाळं ओढून घेतो आणि इंजिन बंद पडतं, तेही नेमकं खडकांजवळ. जाळं पोत्यात, पोतं दोन पट्ट्यांनी बांधलेलं. आणि ग्लँडपर्यंत, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या सांध्यापर्यंत, हात पोचेल अशी जागा मोकळी ठेव. रात्री ग्लँड गळायला लागली तर आधी जाळं बाहेर काढायला लागता कामा नये. बिल्ज पंप, म्हणजे तळाला साचलेलं पाणी उपसणारा पंप, याच पोकळीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात, त्याच्यावर काही ठेवायचं नाही.

मासळीच्या खणाचं पाणी मात्र त्या बिल्जमधे सोडू नको. खणाच्या तळाला मागच्या बाजूला उतार दे, कोपऱ्यात एक छोटा खड्डा, तिथून वेगळ्या पंपाने बाहेर. ताई म्हणते तो वास तिथून येतो. आतले सगळे कोपरे गोल कर, ब्रश फिरला पाहिजे.

तिसरा. नाय होवचा. भर पावसात पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही. हवा दमट, फायबर ओलं, वरून कडक वाटतं आणि आतून चिकट राहतं. जुन्या फायबरवर नवीन मारताना जुनं ग्राइंडरने पांढरं होईपर्यंत खरवडायचं, ॲसिटोनने पुसायचं आणि लगेच मॅट मारायची. पावसात खरवडून ठेवलं की तासाभरात त्यावर दमटपणा बसतो. म्हणून मे महिन्यातच बोट वर घे, आठ-दहा दिवस मासेमारी कमी होईल, होऊ दे. फायबरचं सगळं काम पावसाआधी. तोडफोड, लाकूड, पट्ट्या, रंग, पंप हे शाकारल्यावर आत बसून.

आणि त्या दाभोळवाल्याला एक विचार: थर्माकोलवर थेट रेझिन मारणार का? हो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठव. पॉलिस्टर रेझिन थर्माकोल खातं, डोळ्यांदेखत वितळवतं. पफला तसं होत नाही. तुमच्या जुन्या खणाचे कोपरे फुटलेत त्याचं कारण बहुतेक हेच, मागे आधार उरलेला नसणार.

पाजपंढरीकर

विचारलं. म्हणाला, "मारतो की, वर आधी कागद लावतो." बाबांनीच त्याला चहा पाजला.

दुसरा मिस्त्री बघतोय. १० मेच्या आसपास बोट वर घेऊ. पेट्यांसाठी काठाच्या आतून माप घेतलं तर एका बाजूला केबिनच्या खांबामुळे १२ ऐवजी साडेदहा फूटच मिळतात. कोचीकर, ती बाजू रुंद करू की उंच?

कोचीकर

उंच. रुंद केलीत तर जाळं ओढताना गुडघा लागेल. साडेदहा फुटांत ९ घनफूट हवेत तर उंची सव्वादहा इंच होते, साडेदहा धरा. दुसऱ्या बाजूलाही तेवढीच पेटी करा, दीड फूट उरला तरी चालेल. दोन्ही काठांची उचल सारखी हवी, नाहीतर भरलेली बोट एका बाजूला कलती राहील. आणि परवान्यावर बोटीची जी मापं नोंदलेली आहेत, त्यांत काही बदल होतोय का हे काम सुरू करण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला विचारून घ्या.